बाहुलीच्या ताटातील चकाकी : एका खोट्या जेवणाचा इतिहास

१/ इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘हिल टॉप’ नावाचे एक जुने शेतघर आहे. तेथील एका बाहुलीघरात गेली कित्येक दशके जेवण वाढून ठेवलेले आहे. हे जेवण कोणी खाल्लेले नाही आणि कोणाला खाताही येणार नाही. कारण ते प्लास्टरचे आहे. बोटाच्या पेराएवढे हे पदार्थ पाहणाऱ्याला खरे का वाटावेत? या साध्या प्रश्नाचा माग जर्मन खेळणीवाल्यांपासून भारतातील पळसाच्या झाडापर्यंत आणि एका अपुऱ्या राहिलेल्या प्रेमकथेपर्यंत जातो.

२/ अन्नाची प्रतिकृती तीन गोष्टींनी उभी राहते : आकार, रंग आणि चकाकी. पहिल्या दोन गोष्टी हात बसलेल्या कारागिराला साधतात. खरी परीक्षा तिसरीची असते. तुपाने माखलेला मोदक, पाकातून नुकतीच काढलेली जिलेबी, ताजा मासा यांचा ताजेपणा आपण जिभेआधी डोळ्यांनी ओळखतो. ओलावा, स्निग्धांश आणि साखर यांच्यावर प्रकाश वेगवेगळ्या रीतीने परावर्तित होतो. ही चकाकी चुकली, की उत्तम घडवलेला पदार्थही शिळा किंवा रंगवलेला दगड वाटू लागतो.

३/ बाहुलीघर मुळात मुलांचे खेळणे नव्हते. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५८ च्या सुमारास करवून घेतलेले घर हे सर्वांत जुन्या ज्ञात बाहुलीघरांपैकी एक. ते दरबारी वैभवाचे प्रदर्शन होते. १६३१ मध्ये न्यूरेंबर्गच्या आन्ना कोफरलिन या स्त्रीने आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यासाठी खुले केले आणि त्यासाठी एक पत्रकही छापले. मुलींनी ते पाहावे आणि घर कसे चालवावे हे शिकावे, हा तिचा हेतू होता.

४/ ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन यांचे १६८६ ते १७१० या काळात सजवलेले बाहुलीघर आज राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर २० ते ३० हजार गिल्डर खर्च झाल्याचे सांगतात. तेवढ्या पैशात त्या काळी कालव्याकाठी खरे घर विकत मिळत असे. अशा घरांतील वस्तू हाताळायच्या नसत, पाहायच्या असत.

५/ येथे मराठी वाचकाला भातुकली आठवेल. भातुकलीत भांडी लहान, पण चुरमुरे, गूळ, दाणे खरे. खेळ संपतो तो खाऊ वाटून खाल्ल्यावर. युरोपीय बाहुलीघराची रीत याच्या उलट झाली. तेथे पंगत मांडायची आणि काचेआडून पाहायची. जेवण कायम टिकले पाहिजे, म्हणजे ते खोटे असले पाहिजे. आणि खोटे असूनही ताजे दिसले पाहिजे. चकाकीचा प्रश्न या अटीतून जन्मला.

६/ एकोणिसाव्या शतकात हे घर श्रीमंतांच्या दालनातून मध्यमवर्गीयांच्या मुलांकडे आले. इंग्लंडच्या दुकानांतील बरीचशी खेळणी तेव्हा जर्मनीत बनत. थुरिंगिया प्रांतातील सोनेबर्ग हे गाव तर खेळण्यांसाठीच जगभर ओळखले जाई. आता एका घरासाठी एक पदार्थ घडवून भागणार नव्हते. साच्यातून झटपट निघेल, स्वस्त पडेल आणि रंग धरेल असे द्रव्य हवे होते. ते द्रव्य म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस.

७/ गणेशमूर्तींमुळे हे प्लास्टर महाराष्ट्राला परिचित आहे. जिप्सम हा खनिज दगड भाजला, की त्यातील पाण्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उडून जातो. उरलेल्या भुकटीत पाणी घातले, की सुईसारखे स्फटिक पुन्हा एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत लगदा दगडासारखा होतो. घट्ट होताना तो किंचित फुगतो. त्यामुळे साच्यातील बारीकसारीक रेघही त्यावर उमटते. माशाचे खवले, पावाच्या कडेच्या भेगा, शेवंडीच्या नांग्या, सारे काही.

८/ पण प्लास्टरला एक खोड आहे : ते तहानलेले असते. स्फटिकांच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्या कोणताही द्रव शोषून घेतात. त्यावर थेट रोगण लावले, तर ते आत मुरते आणि पृष्ठभाग खडूसारखा कोराच राहतो. दुसरा हात द्यावा, तर कुठे मुरते, कुठे साचते आणि चट्टे पडतात. म्हणून चकाकी देण्याआधी प्लास्टरची तहान भागवावी लागे. त्यासाठी सरसाचे पातळ पाणी किंवा चपड्याचा हात देण्याची रीत होती.

९/ चपडा म्हणजे सुतार पॉलिशसाठी वापरतात ती लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. हे कवच खरवडायचे, धुवायचे, कापडी पिशवीत भरून विस्तवाशी वितळवून गाळायचे आणि गरम असतानाच पातळ ताणून पापुद्रे करायचे. हे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळतात. स्पिरिट उडून गेले, की मागे पातळ, कठीण, चमकदार थर उरतो.

१०/ एकोणिसाव्या शतकात युरोपला जाणारी बहुतांश लाख भारतातून जाई. ज्या लाखेचे नाव भारतीय मनात लाक्षागृहाच्या कथेशी जोडलेले आहे, तीच लाख परदेशी कारागिरांच्या बाकावर पोचली होती. भारतात तर खेळण्यांशी तिचे नाते फार जुने. चन्नपट्टणाचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याचे पान फिरवून तिला झळाळी आणतात.

११/ महाराष्ट्रातही या कलेचे एक घराणे नांदते आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे पाहून आजही माणूस क्षणभर फसतो. तेथील आंबा, केळे, सीताफळ यांची करामत रंगाइतकीच रोगणात असते. पिकल्या आंब्याच्या सालीची तुकतुकी वेगळी आणि सीताफळाचा कोरडेपणा वेगळा. साऱ्या फळांवर एकच चमक चढवली, तर टोपली सजेल. फळ मात्र खरे वाटणार नाही.

१२/ व्हिक्टोरियन काळातील खेळणीवाल्यांपुढे आणखी एक मौज होती. ज्या जेवणाची ते नक्कल करत, ते जेवणही रंगवलेलेच असे. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात थंड हॅम आणि जिभेच्या मांसावर लावायच्या लेपाची कृती आहे. मांसाचा रस आटवून आटवून सरसासारखा दाट करायचा आणि ब्रशने पदार्थावर चढवायचा. मेजवानीतील हॅम चकाकत असे ते या लेपामुळे. स्वयंपाकघरात आणि खेळण्यांच्या कारखान्यात एकाच जातीचे काम चालू होते.

१३/ आता १९०४ च्या लंडनकडे. बिॲट्रिक्स पॉटर या चित्रकार-लेखिका दोन उंदरांची गोष्ट लिहीत होत्या. हे उंदीर एका बाहुलीघरात शिरतात, अशी कल्पना होती. पॉटर डोळ्यांसमोर वस्तू ठेवूनच चित्र काढत. त्यांचे संपादक नॉर्मन वॉर्न यांनी आपल्या पुतणीसाठी स्वतःच्या हातांनी एक बाहुलीघर बांधले होते. ते घर सर्बिटन या उपनगरात होते. पॉटर यांनी तेथे जाऊन चित्रे काढावीत, असे ठरू लागले.

१४/ पॉटर तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या; तरीही आईच्या परवानगीवाचून कुठे जाणे शक्य नव्हते. आईला ही भेट पसंत पडली नाही. वॉर्न कुटुंब पुस्तकांच्या धंद्यातले. पॉटर घराण्याच्या दृष्टीने ते खालच्या पायरीवरचे. मग नॉर्मन यांनी घराची छायाचित्रे पाठवली. बाहुल्याही पाठवल्या आणि लहान ताटल्यांतील प्लास्टरचे जेवण हॅमलीज या दुकानातून आणून धाडले. हॅमचे रूप पाहूनच अपचन व्हावे, अशा अर्थाची थट्टा पॉटर यांनी आभाराच्या पत्रात केली.

१५/ गोष्टीत हेच हॅम मध्यवर्ती आहे. टॉम थंब आणि हंका मंका हे उंदीर जोडपे मेजावरचे जेवण पाहून हरखते. हॅम कापायला जावे, तर सुरी वाकते. मासा ताटलीपासून सुटत नाही, कारण तो चिकटवलेला आहे. सारे पदार्थ रंगवलेल्या प्लास्टरचे आहेत, हे कळल्यावर उंदीर संतापाने त्यांचे तुकडे करतात. मासा चुलीत टाकतात, तर तोही जळत नाही. कारण चुलीतला जाळ कागदाचा आहे.

१६/ या प्रसंगात कारागिराला मिळालेली सर्वांत मोठी पावती दडली आहे. उंदरांना राग येतो, कारण ते आधी फसलेले असतात. त्यांच्या डोळ्यांनी त्या चकाकीवर विश्वास ठेवलेला असतो. पुस्तक सप्टेंबर १९०४ मध्ये निघाले. दुकानात ताटलीला चिकटवून विकले जाणारे साधे खेळण्यातले जेवण त्यामुळे बालसाहित्यात अमर झाले.

१७/ प्रत्यक्षात मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. जुलै १९०५ मध्ये नॉर्मन यांनी पत्राने लग्नाची मागणी घातली आणि आईवडिलांचा विरोध असतानाही पॉटर यांनी होकार दिला. महिनाभरातच, २५ ऑगस्ट १९०५ रोजी, नॉर्मन यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. ते ३७ वर्षांचे होते. त्याच वर्षी पॉटर यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील हिल टॉप हे शेत घेतले. नॉर्मन यांनी पाठवलेले प्लास्टरचे जेवण त्यांनी जपून ठेवले.

१८/ खोट्या अन्नाची ही परंपरा चालू असतानाच एक अगदी उलटा प्रयोग झाला. वास्तुविशारद एडविन लट्येन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी एकास बारा प्रमाणात एक बाहुलीघर उभारले. नळाला पाणी, खोल्यांत वीज आणि तळघरातील इवल्या बाटल्यांत खरे मद्य. १९२४ च्या वेंब्ली प्रदर्शनात १६ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसर येथे आहे.

१९/ पण खरा पदार्थ लहान केला, की तो खराच दिसेल असे नाही. कारण प्रमाणानुसार वस्तू लहान होते, निसर्गाचे नियम होत नाहीत. द्रवाचा रंग त्याच्या खोलीवर ठरतो. बरणीभर मध सोनेरी तपकिरी दिसतो. त्याचाच एक थेंब पाण्यासारखा फिका दिसतो. म्हणून इवल्या वाटीत मध ‘दाखवायचा’, तर खऱ्या मधापेक्षा कितीतरी गडद रंग वापरावा लागतो.

२०/ चकाकीचेही तेच. एकास बारा प्रमाणात रोगणाचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर पाहणाऱ्याच्या मनात १.२ मिलिमीटर इतका होतो. म्हणजे इवल्या पावावर जाडसर हात दिला, तर पाव भाजलेला वाटत नाही, काचेत बुडवलेला वाटतो. रोगण खाचांत साचते आणि साच्याने जपलेल्या रेघा बुजवून टाकते. शिवाय द्रवाचा पृष्ठताण लहान वाटीत फार जाणवतो : कडेला द्रव वर चढतो आणि आमटी सपाट न दिसता खोलगट दिसते.

२१/ जुन्या रोगणांवर काळाचाही परिणाम होतो. जवसाच्या तेलाचे रोगण वर्षानुवर्षे पिवळे पडत जाते. चपडा काळवंडतो आणि ठिसूळ होतो. भाजलेल्या मांसाच्या नकलेला हा पिवळेपणा फारसा बाधत नाही, उलट ते अधिक खरपूस वाटते. पांढरा मासा, दूध, साखरेचा लेप यांची मात्र रया जाते.

२२/ पुढचे मोठे वळण बाहुल्यांच्याच घरातून आले. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार कॅथे क्रुझे यांच्याकडे १९३९ च्या सुमारास एक नवे प्लास्टिक द्रव्य नमुन्यादाखल आले. बाहुल्यांच्या उत्पादनात ते उपयोगी पडले नाही. त्यांची मुलगी सोफी, लाडके नाव फिफी, हिने ते आपल्या कलाकामासाठी वापरले आणि सुधारत नेले. १९६४ मध्ये तिने ते एबरहार्ड फाबर या कंपनीला विकले. आज जगभर मिळणारी ‘फिमो’ ती हीच.

२३/ या कृत्रिम मातीत पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य असते. साधारण ११० अंश सेल्सिअसला भाजली, की ती कायमची टणक होते. रंग मातीतच मिसळलेला असल्यामुळे कापलेल्या फळाचा गर आतपर्यंत रंगीत ठेवता येतो. शिवाय पातळ थरातून थोडा उजेड आरपार जातो. प्लास्टरला हे कधीच जमले नव्हते. अडचण एकच : भाजल्यावर ही मातीही बव्हंशी निस्तेज दिसते. चकाकीचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

२४/ घराघरांत सहज हाताशी होते ते नखांचे पॉलिश. अनेक हौशी कारागिरांनी तेच वापरले आणि पहिल्या दिवशी पदार्थ झकास दिसले. काही काळाने ते चिकट होऊ लागले, त्यांवर धूळ बसू लागली. कारण पॉलिशमधील द्रावके आणि मातीला मऊ ठेवणारे द्रव्य यांचे पटत नाही. पृष्ठभाग हळूहळू मऊ पडतो. फवारणीच्या कित्येक रोगणांनीही हाच धडा दिला. मग पाण्यात मिसळणाऱ्या रोगणांचे पातळ हात देण्याची पद्धत रुळली. पुढे अतिनील प्रकाशात काही मिनिटांत घट्ट होणारे रेझिनही आले.

२५/ आजचा जाणता कारागीर चकाकी शेवटी आणि हात राखून देतो. आधी कोरड्या पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने चढवून पावाला भाजल्याचा रंग आणायचा. द्रवरूप कृत्रिम मातीत थोडी रंगीत पूड मिसळून रस्सा करायचा. मग विचार करायचा, की हा पदार्थ कुठे ओला, कुठे तेलकट आणि कुठे कोरडा आहे. पावाची वरची साल मंद चमकते, कापलेली बाजू अजिबात नाही. फळावरचा पाक लखलखतो, त्याखालचे पीठ नाही.

२६/ पुरणपोळीचे ताट, उकडीचे मोदक, मिसळ अशी इवली रूपे आता महाराष्ट्रातही फ्रिजच्या दारावर दिसतात. मोदक खरा वाटायचा, तर त्याची पारी किंचित पारदर्शक हवी आणि तूप फक्त कळीवरून ओघळलेले हवे. मिसळीच्या तर्रीला झगझगीत तवंग हवा. शेजारच्या पावाला नको. सावंतवाडीच्या सीताफळाचा आणि प्लास्टरच्या माशाचा धडा येथेही लागू पडतो : चकाकी सगळीकडे सारखी असली, की ती रोगण म्हणून ओळखू येते.

२७/ रसायने बदलली. चपडा गेला, रेझिन आले. अपेक्षा मात्र चारशे वर्षे तीच राहिली : एक क्षण, जेव्हा पदार्थ नुकताच वाढला आहे आणि अजून कोणी खाल्लेला नाही, तो धरून ठेवायचा. असा क्षण खऱ्या अन्नात काही मिनिटेच टिकतो. मग तूप थिजते, पाक सुकतो, माशाची नजर मरते.

२८/ बिॲट्रिक्स पॉटर यांचा विवाह १९१३ मध्ये विल्यम हीलिस यांच्याशी झाला. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले आणि हिल टॉप नॅशनल ट्रस्टकडे गेले. घर त्यांनी ठेवले होते तसेच राखले जाते. नॉर्मन यांनी १९०४ मध्ये धाडलेले जेवण तेथील बाहुलीघरात आजही आहे. त्यातील हॅम अजून कोणाला कापता आलेले नाही.